लेकीबाळींच्या वाटेने आलेलं दुखणं

डॉक्टर मॅडम,

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं आणि सासर चोपडा तालुक्यात. सासर म्हणजे सख्ख्या आत्याचंच घर. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. जन्मल्यावर बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लसीची, सुई दिली, त्याच बाजूच्या काखेत गाठ आली आणि फुटून कितीतरी दिवस वाहत राहिली. मग मानेत गाठी, ढुंगणावर गळवं, टीबीची औषधं, सगळं झालं. यंदा लिव्हरमध्ये पू झाला तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे सीजीडी नावाचा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार निघाला. जनुकाच्या रिपोर्टवर ‘सीवायबीबी’ असं लिहिलंय. माझंही रक्त तपासलं, मी वाहक आहे, म्हणजे सदोष जनुक माझ्यातही आहे, असं म्हणाले.

माझ्या आईचं माहेर शहाद्याकडचं. तिचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना असाच गाठी फुटून गेला. तेव्हा कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट चुकले म्हणून झालं, असं लोक म्हणाले. आता आत्या म्हणते, “मना भाऊना घरमा असं काहीच नव्हतं. हाई दुखनं तुनी मायना घरनं शे.” मिस्टर समजूतदार आहेत, पण बाहेर कुणाजवळ बोलू नको म्हणतात. माझी मधली बहीण आठव्या महिन्यात आहे, बाळंतपणाला माहेरी आलीय. धाकटीला स्थळं येताहेत. बोलले तर दोघींचं नुकसान, गप्प बसले तर जीव खातो. आईला तर सांगायचीच हिंमत होत नाही. तिचं तोंड बारमाही आलेलं, उन्हात गेली की चेहरा लाल होतो, ती आधीच पिचलेली आहे.

आम्ही नात्यात लग्न केलं म्हणून हे झालं का? दुसरं मूल होऊ द्यावं का? नातेवाईक म्हणतात, दुसरं झालं की त्याचा बोनमॅरो पहिल्याला देता येईल.

– एक आई, चोपडा तालुका

ताई,

तुमचे बाकीचे प्रश्न महिनाभर थांबले तरी चालतील. बहिणीचं बाळंतपण थांबणार नाही, म्हणून आधी तेवढंच.

बहिणीला आजच फोन करा. तिला मुलगा झाला तर त्याला बीसीजीची लस लगेच द्यायची नाही, हे तिच्या डॉक्टरांना बाळंतपणाआधी कळलं पाहिजे. आपल्याकडे बाळ दवाखान्यातून घरी जायच्या आत बीसीजी टोचून होते, आणि एरवी तेच बरोबर आहे. पण बीसीजीत जिवंत जंतू असतात. दुबळे केलेले असले तरी जिवंतच. ज्या बाळाला सीजीडी आहे, त्याच्या पेशींना हे जंतू मारता येत नाहीत. तुमच्या मुलाच्या काखेतली गाठ आठवा. त्याचं दुखणं तिथून दिसायला लागलं, फक्त ते तसं कुणी वाचलं नाही. यात डॉक्टरांना फार दोष देऊ नका. बीसीजीनंतर काखेत गाठ धडधाकट बाळांनाही कधीकधी येते, आणि आपल्या भागात मानेत गाठ दिसली की पहिला संशय टीबीचाच घ्यावा लागतो. शिवाय सीजीडी असलेल्या मुलाला खराखुरा टीबीही होऊ शकतो.

लस थांबवली म्हणजे चुकली असं नाही. सरकारी वेळापत्रकात बीसीजी जन्मल्यावर किंवा वर्षाच्या आत कधीही देता येते. बाळाची तपासणी नीट आली की दुसऱ्या दिवशी टोचून घ्या. पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीची सुई मात्र नेहमीप्रमाणे द्यायची, त्यांचा या आजाराशी संबंध नाही. घाबरून सगळ्याच लसी बंद करणारी घरं असतात, म्हणून मुद्दाम लिहिते. मुलगी झाली तर बीसीजीही डॉक्टर नेहमीसारखीच देतील.

तपासणी तीच, जी तुमच्या मुलाची झाली. डीएचआर. पांढऱ्या पेशी जंतू मारणारं रसायन बनवतात का, ते तीत बघतात आणि निकाल आलेखाच्या रूपात येतो. थोडंसं रक्त लागतं, पण ताजं लागतं, शक्यतो चोवीस तासांच्या आतलं, आणि बर्फात ठेवलेलं चालत नाही. सोबत नात्यात नसलेल्या एखाद्या निरोगी माणसाच्या रक्ताची बाटली तुलनेसाठी पाठवावी लागते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, ती याच कामाची संस्था. शेजारच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातही प्रतिकारशक्तीच्या आजारांचा विभाग आहे. धुळ्याहून किंवा जळगावहून रात्री निघालं की सकाळी नमुना पोचतो, पण आधी फोन करून वार ठरवून घ्या. शनिवारी पोचलेल्या बाटलीचा उपयोग होईलच असं नाही.

बहिणीच्या बाळाला धोका किती? तुमच्या मामाचं आणि तुमच्या मुलाचं दुखणं एकच धरलं, तर तुमची आई वाहक असणार. बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. मुलगा होण्याची निम्मी. तो सदोष जनुक मुलाकडे जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे पोटातल्या बाळाला आजार असण्याची शक्यता आठात एक. मुलगाच झाला तर चारात एक. ऐकायला मोठं वाटतं, पण आठातल्या सात वाटा सुखरूप आहेत. बहिणीला सांगताना हा सातचा आकडा आधी सांगा. बाळंतपणाआधी बहिणीचंच रक्त तपासून घेता आलं तर उत्तमच. तुमच्या मुलाच्या जनुकात नेमका कुठे बिघाड आहे ते आता माहीत आहे, त्यामुळे तिच्या रक्तात तेवढीच जागा तपासायची. अख्खी शोधाशोध करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि पक्कं असतं. तिचं नुसतं डीएचआर चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. काही वाहक बायकांमध्ये चांगल्या पेशी इतक्या जास्त असतात की बिघाड त्या आलेखात दिसतच नाही.

आता आत्याचं बोलणं. ते अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

सीजीडी म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि ऑक्सिजनपासून एक जहाल रसायन तयार करून त्याला आत मारतात. या मुलांच्या पेशी गिळतात, पण ते रसायन बनवू शकत नाहीत. जंतू आत जिवंत राहतो, शरीर त्याच्याभोवती पेशींचा गराडा घालतं आणि गाठ होते. हे रसायन बनवणाऱ्या यंत्रणेचे भाग वेगवेगळ्या जनुकांवर लिहिलेले असतात. सीवायबीबी हा त्यातला एक, आणि तो एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, बापाकडून वाय मिळतो. त्यामुळे तुमच्या मिस्टरांकडून हा आजार मुलाला येणं शक्यच नव्हतं. इथपर्यंत आत्या बरोबर. (मुलगा होणार की मुलगी, हे याच हिशेबाने बापाकडून ठरतं. त्याचं खापर मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुनेवरच फुटत आलं. तेव्हा हे शास्त्र कुणाला आठवलं नाही.)

उरलेलं अर्धं असं. तुमच्याकडे दोन एक्स आहेत, एक आईचा आणि एक वडिलांचा. शरीरातल्या प्रत्येक पेशीत यातला एकच चालू असतो, दुसरा बंद. कोणता बंद होणार, हे तुम्ही आईच्या पोटात असताना, अगदी सुरुवातीला, पेशीपेशीगणिक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरून गेलेलं असतं. मेरी लायन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी हे १९६१ मध्ये मांडलं. तुमचा डीएचआरचा कागद काढून बघा. निरोगी माणसाच्या आलेखात एक उंचवटा असतो, उजवीकडे सरकलेला. मुलाचा उंचवटा डावीकडेच अडकलेला दिसेल. तुमच्या कागदावर दोन उंचवटे आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. उजवीकडच्या पेशी जंतू नीट मारतात, आणि त्यांच्या जोरावर तुम्ही आजवर धडधाकट आहात. त्या पेशींमध्ये चालू असलेला एक्स तुमच्या वडिलांचा आहे, म्हणजे आत्याच्या भावाचा. हे तिला जरूर सांगा. भांडायला म्हणून नाही, तुम्ही निम्म्या तिच्याच घरच्या आहात एवढं तिला उमजावं म्हणून.

मूल राहताना कोणता एक्स जाईल हे आई ठरवत नाही. तुम्ही डोहाळ्यात काय खाल्लं, काय पाहिलं, ग्रहणात भाजी चिरली की नाही, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. रोटांचाही नाही.

नात्यातल्या लग्नानेही हे झालेलं नाही. तुम्ही गावातल्या परक्या मुलाशी लग्न केलं असतं तरी या मुलाची शक्यता तेवढीच राहिली असती. सीजीडीचेच दुसरे काही प्रकार आहेत, जे एक्सवर नसतात. त्यांत आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते, आणि दोघेही वरून ठणठणीत असतात. तिथे मामाची मुलगी करण्याची आपली रीत महागात पडते, कारण एकाच आजोबांची सदोष प्रत दोन्हीकडून येऊन भेटू शकते. प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार आज साडेचारशेहून जास्त माहीत आहेत, आणि त्यांतले बरेचसे या दुसऱ्या रीतीने जातात. म्हणून हे उत्तर वाचणाऱ्या इतर कुणी ‘नात्यातल्या लग्नाने काही होत नाही’ असा अर्थ काढू नये. तुमच्या घरापुरतं ते कारण नाही, एवढंच.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते दुसरंच. शहाद्याला तुमचा मामा गेला, ते त्या घराचं दुःख म्हणून तिथेच राहिलं. तुमची आई शिंदखेड्याला आली, तुम्ही चोपड्याला. नंदुरबार, धुळे, जळगाव, खान्देशचे तिन्ही जिल्हे या जनुकाने वरातीबरोबर पार केले, आणि प्रत्येक गावात तो नव्याने, त्या घराचं नशीब म्हणून उगवला. आपल्याला भाऊबंदकी सात पिढ्यांची पाठ असते. रोटांना कोण बसणार, सुतक कुणाला लागणार, सगळं पुरुषांच्या बाजूने मोजलेलं. आजीची बहीण कुठे दिली होती आणि तिची मुलं जगली का, हे कुणी लिहून ठेवत नाही. आणि हा आजार नेमका त्याच बाजूने चालतो. मामा, मावशीची मुलं, आईचे मामा. म्हणून एक मोठा कागद घ्या आणि आईला घेऊन बसा. वर आजी, तिच्या बहिणी, खाली प्रत्येकीच्या लेकी आणि लेकींची मुलं. लहानपणी गेलेल्या प्रत्येक मुलग्यासमोर कसा गेला ते लिहा. गाठी, गळवं, न्यूमोनिया, ‘टीबी’, ‘बाधा’, जे आठवेल ते. एखादी मावशी अजूनही आपल्या नातवाची गाठ घेऊन दवाखान्याच्या चकरा मारत असेल. हा कागद मुंबईच्या डॉक्टरांना तुमच्या कुठल्याही फाइलइतकाच कामाचा आहे.

कोण सुटलं, तेही याच कागदावर दिसेल. तुम्हाला सख्खा भाऊ असेल आणि तो मोठा होऊन ठणठणीत असेल, तर त्याच्या मुलांना हा आजार त्याच्याकडून जाणार नाही. तुमच्या दीर-नणंदांच्या मुलांनाही तुमच्या घरातून काही धोका नाही. हे आत्याला सांगा, तिच्या मनातली निम्मी भीती तीच असेल.

आता तुमचे मिस्टर. बाहेर म्हणजे कोण, हे त्यांना विचारा. गावात, पारावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या कुळ-ग्रुपवर सांगायची काहीच गरज नाही, त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण मधली बहीण बाहेरची नाही. तिचं बाळ आजारी निघालं आणि पहिल्या दिवसापासून माहीत असलं, तर काखेत गाठ यायच्या आधी, लिव्हरमध्ये पू व्हायच्या आधी औषधं सुरू होतात. तुमच्या मुलाची साडेतीन वर्षं जशी गेली तशी त्याची जायची गरज नाही. आणि तुम्हाला माहीत होतं हे तिला उद्या कळलं, तर तुम्हा बहिणींत जे होईल ते कुठल्याही रिपोर्टपेक्षा वाईट असेल.

धाकटीचं वेगळं आहे. ती सज्ञान असेल तर तपासणी करायची की नाही, कधी करायची आणि निकाल कुणाला सांगायचा, हे तिचं तिने ठरवायचं. वडिलांनीही नाही, तुम्हीही नाही. माझं मत विचाराल, तर तिने लग्नाआधी तपासून घ्यावं, आणि वाहक निघाली तर ज्याच्याशी लग्न ठरतंय त्या मुलाला, फक्त त्याला, समोर बसून सांगावं. हे ऐकून तो मागे फिरला, तर मला त्यात फार मोठं नुकसान दिसत नाही. स्थळं घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला मात्र काहीही सांगू नका.

दुसऱ्या मुलाचं. तुम्ही वाहक आहात हे पक्कं आहे, म्हणून प्रत्येक खेपेला चारात एक मूल आजारी मुलगा असण्याची शक्यता. एक झाला म्हणजे पुढचे तीन सुटले, असा हिशेब नसतो, प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. दिवस राहिल्यावर साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा तुकडा काढून आजार आहे की नाही ते बघता येतं. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातूनही बघता येतं. १९९४ च्या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यात अशा आनुवंशिक आजारांच्या तपासणीला परवानगी आहे, पण नोंदणी झालेल्या केंद्रातच आणि तुमच्या लेखी संमतीने. मुलगा की मुलगी हे कुणीही सांगायचं नाही, आजार आहे की नाही एवढंच. ‘मुलगी असेल तर ठेवू, कुणाकडून तरी बघून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर उठून या. तो गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही आहे, कारण तुम्हाला होणाऱ्या मुलग्यांतले निम्मे निरोगी असतील. अहवाल वाईट आला तर पुढे काय करायचं, हा निर्णय तुम्हा दोघांचा. त्यावर मी इथे छापील सल्ला देणार नाही.

बोनमॅरोसाठी म्हणून मूल, हे मात्र मनातून काढा. भावंडाचा मॅरो जुळण्याची शक्यता चारात एक. ते भावंड स्वतः आजारी नसण्याची चारात तीन. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतात, म्हणून दोन्ही एकत्र जमण्याची शक्यता सोळात तीन. उरलेल्या तेरा वेळा त्या बाळाकडे घर कोणत्या नजरेने बघेल? मूल हवं असेल तर मूल म्हणून होऊ द्या. जुळणारा दाता घरात नसला तर बाहेरच्या नोंदणीत शोधता येतो, निम्मे जुळणारे आईबापही हल्ली दाते होतात. प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो आणि मूल लहान असताना, अवयवांचं नुकसान व्हायच्या आधी केलेलं चांगलं, त्यामुळे हे बोलणं पुढच्या भेटीतच काढा. खर्चाचं ऐकून पाय गळतील. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सीजीडीचं नाव प्रत्यारोपणाने बऱ्या होणाऱ्या आजारांत आहे, आणि ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक केंद्र आहे. अर्ज तिथूनच जातो, कुणा एजंटामार्फत नाही.

तोवर मुलाच्या दोन गोळ्या, जंतूंसाठीची को-ट्रायमॉक्साझोल आणि बुरशीसाठीची इट्राकोनाझोल, एकही दिवस चुकवू नका. तो बरा दिसतो तेव्हाही. आणि केळीच्या पट्ट्यात राहता म्हणून हे ठळक वाचा. या मुलांना सगळ्यात मोठा धोका बुरशीचा, आणि ती कुजणाऱ्या पाल्यात असते. घड कापल्यावर बागेत कुजत पडलेले केळीचे खांब आणि पानं, शेणखताचा उकिरडा, गांडूळखताचा बेड, ओला झालेला कडबा, कुट्टी, पावसात भिजलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग, या सगळ्यांपासून तो लांब हवा. खत उपसायचं असेल त्या दिवशी त्याला गावातच दुसऱ्या घरी ठेवा. एकदाच भरपूर बुरशी छातीत गेली तरी काही दिवसांत जिवावर बेतणारा न्यूमोनिया होऊ शकतो. अंगण शेणाने सारवणं त्याच्यासमोर नको. नदीत, डबक्यात डुंबणं नको. गळवावर हळद-चुना लावून पिकायची वाट बघू नका, आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. बाकी त्याला खेळू द्या. शाळेत घाला.

शेवटी तुमची आई. तुम्ही तिच्याबद्दल जे दोन शब्द ओघात लिहिलेत, ते मी दोनदा वाचले. बारमाही तोंड येणं आणि उन्हाने चेहरा लाल होणं. आजवर सगळ्यांनी याला उष्णता म्हटलं असेल, सब्जा आणि गुलकंद देऊन झालं असेल. सीजीडीच्या वाहक बायकांत नेमक्या याच तक्रारी आढळतात. काहींना सांधेदुखी होते, काहींच्या कातडीवर ल्युपस नावाच्या आजारासारखे चट्टे येतात. ज्यांच्या चांगल्या पेशी फारच कमी असतात, त्यांना मुलांसारखे जंतुसंसर्गही होऊ शकतात. वाहक म्हणजे नुसता निरोप्या, असं पूर्वी समजत, आता तसं समजत नाहीत. म्हणजे आईला हे सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं टाकणं, असं धरू नका. तिची स्वतःचीही तपासणी राहून गेली आहे. मुंबईच्या पुढच्या तारखेला तिला सोबत न्या. तिचं डीएचआर करायला सांगा, त्वचेच्या डॉक्टरांना चेहरा दाखवा, तोवर उन्हात डोक्यावरून पदर आणि सनस्क्रीन. तुमच्याही तोंडात वरचेवर चट्टे येत असतील तर त्याच दिवशी सांगा. जाताना मुलाचा जनुकाचा मूळ रिपोर्ट, तुमचे दोन उंचवट्यांचे कागद आणि आजीपासूनचा तो मोठा कागद पिशवीत ठेवा. झेरॉक्सचा एक संच बहिणीच्या फाइलला लावा, आणि वरच्या पानावर लाल पेनने लिहा, “मुलगा झाल्यास डीएचआर होईपर्यंत बीसीजी देऊ नये.”